इटलीच्या पाहुण्यांनी घेतलेली सुपारी

आमच्या जनरेटरचा सूर लागत नाही, ही तक्रार माझ्याकडे आजवर एकाच माणसानं केली आहे. कनात फाटकी निघाली, खुर्च्या कमी पडल्या, नवरदेव स्टेजवर चढताना नेमकं गाणं बंद पडलं, असल्या तक्रारी ऐकण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. वडील गेल्यावर मंडप आणि साउंडचा धंदा मी हातात घेतला, तेव्हापासून हे सगळं पचवायची सवय आहे. पण भर उन्हात जनरेटरपाशी डोळे मिटून उभं राहायचं आणि मग गंभीर चेहऱ्यानं "मालकीनबाई, ह्यो अर्ध्या सुरानं खाली हाय" असं सांगायचं, हे आमच्या पाहुण्यांनाच जमायचं. हा माणूस ताडमाड उंच, गोरापान, पांढऱ्या केसांची शेपटी बांधणारा आणि मूळचा इटलीचा होता, हे लक्षात घेतलं म्हणजे बेलापुरात काय मजा चालली असेल याचा अंदाज येईल.

पाहुणे इटलीतले रॉक गायक होते. म्हणजे गाणं स्वतः लिहायचं, चाल स्वतः लावायची, गिटार गळ्यात अडकवून स्वतःच जीव तोडून गायचं. तिकडं त्यांच्या नावावर मैदानं भरायची. इकडं ते सहा वर्षं आमच्या गोडाऊनवरच्या खोलीत भाड्यानं राहिले. मधूनमधून व्हिसाच्या कागदांसाठी देशाबाहेर जायचे आणि परत इथंच यायचे. मराठी शिकले ती माझ्या आईकडून, त्यामुळं त्यांची भाषा अस्सल नगरी आणि वर आईच्या वयाची. नाव चांगलं लांबलचक होतं. आईनं ते पहिल्या दिवशी एकदा म्हणून पाहिलं आणि नाद सोडला. "पाव्हनं, हात धुवून घ्या," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ते अख्ख्या गावाचे पाव्हणे झाले.

ते आमच्याकडं आले ते वासामुळं. गोव्याला निघालेल्या गाडीत खिडकीशी बसले होते. साखर कारखान्यांचा हंगाम चालू होता, हवेत मळीचा वास भरला होता, आणि गाडी थांबल्यावर त्यांना राहवलं नाही. सामान घेऊन उतरले. इटलीत त्यांचे वडील साखर कारखान्यात कामाला होते. तिकडं साखर बिटापासून करतात, पण वास थेट हाच, असं त्यांचं म्हणणं. फलाटावर पाटी बेलापूर, म्हणून रिक्षावाल्याला बेलापूर म्हणाले. आता बेलापूरचं स्टेशन श्रीरामपुरात आहे आणि बेलापूर गाव तिथून लांब, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? रिक्षावाल्यानं गावात आणून सोडलं, आणि समोर आमच्या गोडाऊनवर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी. पाहुण्यांना ती वाचता येत नव्हती. त्यांनी गालाखाली हात ठेवून आईला झोपायची खूण केली. आईनं चावी काढून दिली.

कनातीच्या घड्या घालताना माणूस मोकळा बोलतो, हे मला वडिलांनी शिकवलेलं. दोघांनी दोन टोकं धरायची, जवळ यायचं, टोकं द्यायची, परत लांब जायचं. पाहुण्यांचं सगळं चरित्र मी असं घडीघडीनं ऐकलं, आणि ते क्रमानं कधीच आलं नाही. एका घडीला त्यांचं दुसरं लग्न मोडायचं, पुढच्या घडीला ते शाळेत नापास व्हायचे. पहिली तबकडी निघाली तेव्हा ती फक्त नातेवाइकांनी घेतली आणि त्यातल्या एका मावशीनं परत केली. कंपनीच्या साहेबानं केस कापून ये म्हणून सांगितलं, तर हे डाव्या बाजूचे तेवढे कापून गेले. हे सांगताना ते स्वतःच इतके हसायचे, की कनात हातातून सुटायची आणि घडी पुन्हा पहिल्यापासून घालावी लागायची.

मग ते गाणं आलं. बसच्या थांब्यावर एका मुलीची वाट पाहिली, ती आली नाही, तेव्हा पावाच्या कागदी पिशवीवर दहा मिनिटांत लिहिलेलं. ते गाणं सगळ्या इटलीनं उचललं. लग्नात तेच, शाळेच्या सहलीत तेच, न्हाव्याच्या दुकानात तेच. त्यानंतर पाहुण्यांनी ढिगानं गाणी लिहिली. त्यांच्या मते ती जास्त चांगली होती, पण नवं गाणं सुरू झालं की लोक पाणी प्यायला उठायचे. शेवटी एकदा भरल्या मैदानात त्यांनी नवं गाणं धरलं, आणि मैदानानं त्यांच्या आवाजावर आवाज चढवून जुनं सुरू केलं. पाहुण्यांनी गिटार खाली ठेवली. लोकांनी ते गाणं त्यांच्याशिवाय पुरं म्हटलं आणि स्वतःलाच टाळ्या वाजवल्या.

"माझी गरजच न्हाई पडली," पाहुणे म्हणाले. "मी मागच्या दारानं गेलो. कुनाला कळलं बी न्हाई."

त्या दिवसापासून त्यांनी गाणं सोडलं, आणि एक नियम केला. जो गाणं म्हणायला सांगेल, त्याचं छप्पर त्याच दिवशी सोडायचं. इथं यायच्या आधी पुण्यात राहायचे, तिथं घरमालकाच्या भाच्यानं हौसेनं "सर, एक होऊन जाऊ द्या" म्हटलं आणि हे संध्याकाळच्या आत बॅग घेऊन बाहेर. आईनं हे ऐकलं आणि गल्लीत सगळ्यांना ताकीद दिली, की पाव्हण्यांपाशी गाण्याचा विषय काढायचा नाही. मी मात्र ते गाणं मोबाईलवर चोरून ऐकलं. एक नंबर होतं. आईला ऐकवायला गेले तर तिनं हात झटकला.

"मानसाला नगं वाटतंय ना, मंग चोरून कशापायी ऐकायचं?"

आई आणि पाहुणे यांचं एरवी मात्र कडाक्याचं भांडण चालायचं, ते शेवयांवरून. उन्हाळ्यात आई शेवयांचा घाट घालायची, तेव्हा पाहुणे हौसेनं मशीनचा दांडा फिरवायचे. पण शेवया दुधात शिजल्या की त्यांचा चेहरा बघवत नसे. टोमॅटो, लसूण आणि मीठ एवढंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. "गव्हाचा आपमान हाय, ताई," ते म्हणायचे. आई त्यांच्या ताटलीत अजून एक पळी दूध ओतायची.

बाजाराच्या दिवशी ते काळं चामड्याचं जाकीट घालून भाजी आणायला जात. एप्रिलमध्येसुद्धा. घामानं निथळत मेथीची जुडी बघायचे. "बाजार म्हंजी स्टेज हाय, मालकीनबाई, गबाळं न्हाई जायाचं," हे त्याचं कारण. लग्नाच्या कामाला माझ्याबरोबर यायचे, मिक्सरशेजारी बसायचे आणि सगळा वेळ खुर्च्यांखाली बघत राहायचे. मला आधी वाटलं, काही हरवलं असेल. एकदा विचारलं तर म्हणाले, "तोंड खोटं बोलतंय. टाळी बी खोटी आसती. पाय न्हाई खोटं बोलत." तेव्हापासून मीही पाय बघायला लागले, आणि खरं सांगते, आवाज कुठं कमी-जास्त करायचा ते मला तिथून कळायला लागलं.

आता सुपारीचं सांगते. आमच्या धंद्यात सुपारी म्हणजे शब्द. गावची मंडळी येतात, कपाळाला गंध लावतात, हातात नारळ-सुपारी देतात. ज्यानं ती घेतली, त्यानं ठरल्या दिवशी हजर व्हायचं, मग घरी काही का होईना. बँडवाले, गायक, तमाशावाले, सगळ्यांच्या कितीतरी सुपाऱ्या आमच्या गोडाऊनमध्ये बसून ठरल्या, आणि पाहुण्यांनी त्या शेंगा सोलत पाहिल्या होत्या.

त्या चैत्रात सोनईजवळच्या एका गावचे तिघं जण आले. त्यांच्या जत्रेत कुस्त्यांचा हगामा असतो, त्यासाठी त्यांना आमचं साउंड हवं होतं. मी कामावर, आई भावकीत गेलेली. पायरीवर एकटे पाहुणे. त्या मंडळींनी विचार केला, घरचाच माणूस दिसतोय. गंध लावला, नारळ-सुपारी हातात ठेवली आणि म्हणाले, "यायचं बरं का जत्रंला." पाहुणे म्हणाले, "व्हय."

मला त्या गावच्या अण्णांचा फोन आला, की सुपारी तुमच्या पाव्हण्यांकडं दिलीया. मी तारीख वहीत लिहिली आणि विसरून गेले. पुढं आठवडाभरात वरच्या खोलीतून गिटार ऐकू यायला लागली. सहा वर्षं ती पेटीत बंद होती, आणि त्या पेटीवर आई कुरडया वाळवायची. मला इतका आनंद झाला की काही विचारायचं धाडसच होईना. शेवटी चहाचं निमित्त करून वर गेले. पाहुणे खाटेवर बसलेले, बोटांची टोकं सोललेली, डोळे पोराच्या डोळ्यांसारखे चमकत होते.

"जत्रंला गायाचं हाय," ते म्हणाले. "मी सुपारी घेतली."

"कुणाची?"

"त्ये तिघं आल्ते. मालकीनबाई, त्यांनी जुनं गानं न्हाई मागितलं. कोनचंच न्हाई मागितलं. गंध लावला आन् म्हनले, या. एवढंच. चाळीस वर्षात आसं कुनी बोलावलं न्हाई."

मी चहा तिथंच ठेवला आणि खाली आले. ज्याला सगळ्यांनी गा गा म्हणून पळवून लावलं, तो माणूस आता कुणीही न बोलावता गायला निघाला होता. आणि हे त्याला सांगणं माझ्या वाट्याला आलं होतं. आईला सगळं सांगितलं. ती गहू पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

"सांगून टाकू का?" मी विचारलं.

"काय सांगशील? का तुमाला कुनी बोलावलंच न्हाई म्हनून? परत पेटीत गेली ती गिटार, का मंग न्हाई निघायची भाईर."

"मग खोटं किती दिवस चालवायचं?"

"खोटं कशाला? खरं करून ये की. जा सोनईला."

मी त्याच दुपारी निघाले. अण्णा म्हणजे जुने पैलवान, दोन्ही कान मोडलेले, जत्रेच्या कमिटीचे प्रमुख. झाडाखाली बाजेवर बसून त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"गोरा मानूस हगाम्यात गानार?"

"हो."

"इंग्रजीत?"

"इटालियनमध्ये."

"त्ये काय आसतं?" त्यांनी शेजारच्याकडं बघितलं. शेजारच्यालाही माहीत नव्हतं. "पोरी, ही मानसं कुस्ती बघाया येत्यात. लांबलांबनं येत्यात. त्यांच्यापुढं गानं लावलं तर मला उचलून आपटत्याल."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. मैदान, मागचं दार, सहा वर्षं, सोललेली बोटं, सगळं. अण्णांनी मोडका कान चोळला. "आमच्या मानसांनी कपाळाला गंध लावला का त्यांच्या?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग काय इलाज न्हाई. सुपारी गावाची झाली. पर आखाड्याची माती उकरून हुईस्तोवरच. कुस्ती लागायच्या आत आटपा."

जत्रेच्या दिवशी दुपारी चारला आम्ही पोचलो. आई आली नाही, हगाम्याला बायका जात नाहीत; मी एकटी, तीही मिक्सरमागं म्हणून चालून जायची. मातीच्या आखाड्याभोवती माणसं दाटीवाटीनं बसलेली. चार गडी फावड्यांनी माती उकरत होते. पाहुणे काळं जाकीट घालून आखाड्याच्या कडेला उभे राहिले, आणि सगळा हगामा त्यांच्याकडं टकामका बघायला लागला. मी त्यांची वायर लावली आणि मिक्सरमागं जाऊन बसले.

नव्या गाण्याचं पहिलं कडवं त्यांनी संथ लयीत सुरू केलं. आवाज खर्जातला, खरखरीत, स्पीकरच्या बॉक्समधून असा निघाला की माझ्या अंगावर काटा आला. पण माणसं ढिम्म. कुणीतरी तंबाखू मळत ओरडलं, "आवो, कुस्ती लावा की." अण्णांनी घड्याळ बघितलं. पाहुण्यांनी खाली बघितलं, पायांकडं. एक पाय हलत नव्हता. त्यांनी गिटार थांबवली. मागं जायची वाट मोकळीच होती.

पाहुणे त्या वाटेनं गेले नाहीत. कोपऱ्यात हलगीवाले बसले होते, त्यांच्यापुढं ते उकिडवे बसले आणि स्वतःच्या गुडघ्यावर थापा मारून दाखवायला लागले. म्हाताऱ्या हलगीवाल्यानं मान हलवली, नाही नाही म्हणाला आणि पैलवान मैदानात उतरताना वाजवतात तो ठेका धरला. पाहुण्यांनी दोन आवर्तनं ऐकली. आणि मग गिटारीवर असा हात मारला, की माती उकरणारे गडी फावडी धरून उभेच राहिले.

तेच गाणं आता दुप्पट लयीत निघालं. बोल त्यांच्या भाषेतले, पण धृपद मराठी होतं: "भोंगा झाला, बाप आला, हाताला गोड वास आला." कारखान्याचा भोंगा तिथं कुणाला समजवायची गरज नव्हती. निम्म्या माणसांचे बाप त्याच भोंग्यावर घरी आलेले, आणि उरलेले स्वतः येत होते. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा पुढची रांग म्हणायला लागली. तिसऱ्यांदा सगळा हगामा. मी खाली बघितलं. चपला, बूट, अनवाणी, सगळे पाय चालू होते. मिक्सरवर मी काय काय फिरवलं मला आठवत नाही, मी रडत होते आणि ओरडतही होते.

गाणं संपलं आणि 'वन्स मोअर'चा गलका उठला. पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं.

"परत मागत्यात?"

"हो."

"हेच? नवं?"

"हेच."

ते तीन वेळा गायले. माती कधीच उकरून झाली होती. पहिल्या जोडीचे पैलवान लांगा कसून कडेला उभे होते, तेही ठेका धरून. अण्णांनी स्वतःचा फेटा काढून पाहुण्यांच्या डोक्यावर बांधला आणि मग कुस्त्या सुरू केल्या.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मी खरं सांगून टाकलं. ती सुपारी साउंडची होती, तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं, मी जाऊन अण्णांचे पाय धरले. माझ्याच्यानं पोटात ठेववत नव्हतं. पाहुण्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. राहुरी येईपर्यंत तो मांडीवर धरून रस्त्याकडं बघत होते. मला वाटलं, आता बॅग भरणार.

मग ते हसायला लागले. इतके की मला टेम्पो कडेला घ्यावा लागला.

"सोळा वर्षाचा हुतो," ते म्हणाले. "नदीकाठी नाचाचा हॉल हुता. बँडवाले जेवाया गेले, मी चोरून वर चढलो आन् गायलो. कुनी बोलावलं नव्हतं. लई मजा आली. त्याच्यानंतर समद्यांनी बोलावलं. बोलावलं की त्यांचं ठरलेलं आसतं, काय पायजे ते. आज त्यांना माझं कायच नको हुतं. कुस्ती पायजे हुती."

"राग नाही आला?"

"कुनी न बोलावता जायाचं आसतं, मालकीनबाई. मी इसरलो हुतो."

दोन महिन्यांत ते इटलीला परत गेले. मोठी मैदानं घेतली नाहीत. भाजीबाजारात, फुटबॉलच्या सामन्याआधी, बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात, जिथं कुणी बोलावलेलं नाही तिथं जाऊन गातात. फोनवर मला व्हिडिओ पाठवतात, आणि त्यात त्यांचा चेहरा दिसत नाही. समोरच्या लोकांचे पायच दिसतात. मी ते जेवता जेवता बघते, गिऱ्हाइकांना दाखवते, अण्णांना पाठवते.

जायच्या दिवशीचं मात्र सांगायचं राहिलं. टेम्पोत सामान भरलं होतं. आई दारात उभी होती. डब्यात शेवया बांधून दिल्या होत्या, कोरड्या, दूध त्यांचं त्यांनी बघावं म्हणून. पाहुणे तिच्या पाया पडले, आणि तिनं त्यांचा हात सोडलाच नाही.

"पाव्हनं," ती म्हणाली, "आता तुमी निघालातच. आता इचारलं तर घर सोडून जाल ही भीती न्हाई ऱ्हायली. त्ये गानं म्हना की येकदा. त्ये तुमचं जुनं, रागाचं. सहा वर्सं वाट बगतीय मी."

पाहुण्यांनी तिच्याकडं बघितलं, मग पेटी उघडली आणि पायरीवर बसले. मोठ्यानं नाही, शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्यांनी ते गाणं म्हटलं. आई हनुवटीला हात लावून ऐकत होती. एक शब्द कळत नव्हता, पण गोष्ट तिला माहीत होती. गाणं संपलं.

"चांगलं तर हाय की," ती म्हणाली. "उगं टाकलं हुतं. पर ती पोरगी आली का न्हाई मंग?"

सगळ्या इटलीनं ते गाणं म्हटलं होतं, पण हे विचारलं नव्हतं.

"म्हायीत न्हाई, ताई. मी बस आल्यावर बसून गेलो. मागं बघितलं न्हाई."

"आसं कुटं आसतं व्हय? जरा थांबायचं की मानसानं."

गाडीची वेळ होत आली होती. मी किल्ली हातात घेऊन उभी होते. पाहुण्यांनी एक तार पिळली, कान लावून पाहिला, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.